मुंबईहून मुरमाच्या वाटांवर सायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्जत लोकलच्या मालडब्यात जाड टायरची सायकल दिसली की कोणीतरी विचारतंच, "ही चालवता कुठे?" घाटकोपर-ठाण्याच्या ट्रॅफिकला कंटाळलेले लोक तर फोन करून विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. आम्ही डोंबिवली-बदलापूरकडचे पाच-सहा जण आहोत. शर्यतीतले नाही, नोकरी सांभाळून फिरणारे.

१. ग्रॅव्हल बाइक म्हणजे नक्की काय? एमटीबीच (माउंटन बाइक) ना?

नाही. दिसायला ती रोड बाइकसारखी असते, वाकडं हँडल वगैरे. पण टायर ३५ ते ४५ मिमी रुंद, डिस्क ब्रेक, आणि चढासाठी बरेच हलके गिअर. एमटीबीसारखं सस्पेन्शन बहुतेकींना नसतं. अमेरिकेत कॅन्ससच्या माळरानावर २००६ साली २०० मैलांची एक शर्यत सुरू झाली आणि तिथून हा प्रकार फोफावला. २०२२ साली इटलीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

'ग्रॅव्हल'ला आपल्याकडे एकच शब्द नाही, आणि ते बरंच आहे. गावातला माणूस मुरूम, खडी, जांभा, फुफाटा असं वेगवेगळं म्हणतो. सायकलखाली ते चारही वेगळेच लागतात. दबलेल्या मुरमावर सायकल डांबरासारखी पळते. नुकत्याच पसरलेल्या खडीवर गोट्यांवर चालल्यासारखं होतं. कुणी "पुढे कच्चा रस्ता आहे" म्हणालं, तर "मुरूम आहे का खडी?" एवढं विचारून घ्या.

२. मुंबईजवळ खरंच गाड्या नसलेले रस्ते उरलेत का?

उरलेत, पण तुम्हाला वाटतं तसे नाहीत. कायमचा रिकामा असा रस्ता सह्याद्रीच्या पायथ्याशी जवळजवळ नाही. जो रस्ता मंगळवारी सकाळी साडेसातला तुमच्या एकट्याचा असतो, त्याच रस्त्यावर रविवारी अकराला फार्महाऊसला निघालेल्या गाड्यांची रांग असते. ज्या पाणंदीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेत, एरवी फक्त बैल दिसतात, तिथे वरच्या अंगाला खडी क्रशर सुरू झाला की दिवसभर डंपर. आम्ही आधी 'कधी' ठरवतो, मग 'कुठे'.

आमचा अनुभव असा. उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत कुठलाही गावरस्ता चांगला. साडेनऊनंतर फक्त पाणंद आणि धरणाच्या कडेच्या वाटा. शनिवारी दुपारी घाटाच्या दिशेने जायचंच नाही. पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्याचं नाव असलेल्या कुठल्याही फाट्यावर वळायचं नाही. सुट्टी मिळत असेल तर बुधवार घ्या. आमच्यातल्या एकाने त्यासाठी साप्ताहिक सुट्टी बदलून घेतली. बायको अजून त्यावरून बोलते.

३. मग सुरुवात कुठून करू?

तीन भाग सांगतो. नेमके ट्रॅक, म्हणजे जीपीएसवर नोंदवलेले मार्ग, का देत नाही, ते प्रश्न १७ मध्ये आहे.

पहिला भाग कर्जत-कशेळे-खांडस. कर्जतला उतरून मुरबाड रस्त्याने कशेळे गाठायचं. हा टप्पा रुंद झालाय आणि गाड्या जोरात असतात, म्हणून लवकर उरकायचा. कशेळ्यातून खांडसकडे वळलं की चित्र पालटतं. समोर भीमाशंकरची भिंत, मधे भातखाचरं, बाजूला ठाकर आदिवासींच्या वाड्या. खांडसला येणारे बहुतेक जण शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने पायी वर जायला आलेले असतात. गाडी लावून ते निघून जातात आणि आजूबाजूच्या वाड्यांना जोडणाऱ्या वाटा मोकळ्या राहतात. आंबिवलीवरून पेठकडे, म्हणजे कोथळीगडाखालच्या गावाकडे, चढणारी वाटही याच भागात आहे. ती दमवते. वरचा काही भाग सायकल हातात धरूनच न्यावा लागतो आणि त्याची लाज वाटून घेऊ नये.

दुसरा भाग आसनगाव-शहापूर. स्टेशनातून बाहेर पडलं की माहुलीचे सुळके दिसायला लागतात. पायथ्याच्या गावापर्यंत डांबर आहे आणि चढ किरकोळ, त्यामुळे पहिल्यांदाच येणाऱ्याला आम्ही इथेच आणतो. इथून तानसाच्या बाजूला जंगल सुरू होतं, तिथे प्रश्न १० वाचूनच जा.

तिसरा भाग कसारा-विहीगाव-खोडाळा, पुढे जव्हार. माझा सगळ्यात आवडता, आणि नवख्याला मी कधीच सुचवत नाही. सुरुवातीला मुंबई-नाशिक महामार्गाचा तुकडा लागतो, तो नकोसा असतो. विहीगावच्या फाट्याला वळल्यावर मात्र नोव्हेंबरातल्या सकाळी अर्धा-अर्धा तास एकही गाडी दिसत नाही. चढ-उतार थांबत नाहीत, दुकानं लांब लांब आणि परतीची लोकल पुन्हा कसाऱ्यालाच. जव्हारपर्यंत जायचं तर मुक्काम धरूनच निघा.

शहराबाहेर जायलाच वेळ नसेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा चढ आहे. डांबरी आहे, पण झाडीतला आहे. उद्यान सोमवारी बंद असतं.

४. माझ्याकडे साधी हायब्रिड आहे. नवी घ्यावी लागेल का?

नाही. फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये ३८ मिमीचा टायर फिरतो का एवढं दुकानात लावून बघा. फिरत असेल तर वर्षभर त्यावरच हिंडा. जुनी एमटीबीही चालते, थोडी जड पडते इतकंच. ३२ मिमीवर दबलेला मुरूम निभतो, खडी नाही. पैसे खर्चच करायचे असतील तर आधी गिअरवर करा. पुढची चक्री ४० दात्यांची असेल तर मागची सगळ्यात मोठी निदान ४२ ची हवी. तसं नसेल तर आपल्या घाटात गुडघे बोलायला लागतात.

५. टायरमध्ये हवा किती ठेवायची?

लोक भरतात त्याहून कमी. ७० किलोच्या माणसाला, ४० मिमीच्या ट्यूबलेस टायरला ३० ते ३८ पीएसआय पुरते. ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस करून घ्याच. आपल्याकडे पंक्चर दगडाने कमी आणि काट्याने जास्त होतं. शेताच्या कुंपणाला बाभळी-बोरीच्या फांद्या टाकतात आणि त्या पाणंदीत पडतात. आत पंक्चर बुजवणारा द्रव असेल तर बारीक भोक चालता चालता भरून येतं.

६. लोकलमधून सायकल नेता येते का?

मालडब्यातून नेता येते, लगेजचं तिकीट काढून. ते खिडकीवर मिळतं. यंत्रावर किंवा मोबाइलवर काढलेलं स्वतःचं तिकीट सायकलला चालत नाही. गर्दीच्या वेळेला नेऊ नका. मालडबा भाजीवाल्यांचा, मासेवाल्यांचा आणि डबेवाल्यांचा आहे आणि त्यांचं पोट त्यावर चालतं. पहाटेच्या गाडीने, गर्दीच्या उलट दिशेने गेलात तर कोणी हरकत घेत नाही. चेनला कापड गुंडाळा. एकदा माझ्या चेनचं काळं तेल एका मावशींच्या टोपलीवरच्या पांढऱ्या फडक्याला लागलं. त्या कल्याणपर्यंत जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

सीएसएमटीहून कर्जत १०० किलोमीटर आणि कसारा त्याहून वीसेक किलोमीटर जास्त, त्यामुळे बसायला जागा मिळेल अशी आशा धरू नका. रविवारी परत येताना मेगाब्लॉक आधी बघून घ्या. भर उन्हात पन्नास किलोमीटर मारून आल्यावर फलाटावर दोन तास काढणं फार लागतं.

एसटीचं विचाराल तर टपावर कॅरिअर असलेल्या गाड्या आता कमी झाल्या आहेत. गाडी रिकामी असेल तर वाहकाला विचारा. त्याच्या मर्जीवर आहे.

७. लोणावळ्यापर्यंत सायकलनेच जाऊ का? एक्सप्रेसवेच्या कडेने?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. सागरी सेतू, अटल सेतू, कोस्टल रोड यांवरही तेच. अडचण अशी की बोरघाटात जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग काही ठिकाणी एकमेकांत मिसळतात आणि "मी जुन्यानेच चाललोय" म्हणणारा माणूस कंटेनरच्या शेजारी सापडतो. आम्ही हा घाट सायकलने चढत नाही.

मुंबईहून लोणावळ्याला लोकल नाही. ती कर्जत-खोपोलीला संपते आणि पुढची लोणावळ्यापासून पुण्याकडे सुरू होते. मधल्या टप्प्याला एक्सप्रेसच्या ब्रेकव्हॅनमध्ये सायकल बुक करावी लागते, नाहीतर मित्राची गाडी. एवढी खटपट केलीत तर लोणावळ्यात थांबू नका. कामशेतपर्यंत जा आणि आंदर मावळात शिरा. ठोकरवाडी धरणाच्या काठाने खांडी-कुसूरकडे जे रस्ते जातात त्यांना तोड नाही. याच धरणाचं पाणी खाली भिवपुरीच्या वीजघरात पडतं आणि १९२२ पासून त्यावर वीज होते.

८. कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे. मुरूम पावसाने बसलेला असतो आणि धूळ अजून उठलेली नसते. त्याच वेळी भातकापणी आणि झोडणी चालू असते, त्यामुळे लोक भात-पेंढा रस्त्यावर वाळत घालतात. त्यावरून सायकल घालू नका. खाली उतरून कडेने जा.

जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. पहाटेच्या लोकलने पोचलात तर दिवा लागतोच. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांत शिरतात आणि शेतांत राब, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा, भाजायला लागतात. धुरातून चढ चढू नये. एप्रिल-मे आमच्या दृष्टीने बंद. सांगूनही जाणारे जातात, तर निदान दहाच्या आत परतावं.

९. पावसाळ्यात तर किती सुंदर असतं! मग का नाही?

सुंदर असतं म्हणूनच. हिरवाई बघायला सगळी मुंबई येते, तेव्हा 'ट्रॅफिक नसलेला रस्ता' हा विषयच संपतो. धबधबे आणि धरणांच्या परिसरात जिल्हाधिकारी पावसाळ्यात मनाईचे आदेश काढतात. ते दरवर्षी आणि जागेगणिक वेगळे असतात, निघायच्या आधी बघा.

रस्त्यांचं म्हणाल तर जून-जुलैत पाणंद म्हणजे ओढाच. लाल माती टायर आणि फ्रेमच्या मधे भरते आणि चाक फिरायचं थांबतं. ब्रेकचे पॅड एका दिवसात झिजतात. आणि फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबायचं. घोट्याएवढं दिसत असलं तरी थांबायचं. सायकलचं चाक पाण्याला आडवं धरलं की शिडासारखं ओढलं जातं. गावातली माणसं ज्या पाण्यात उतरत नाहीत त्या पाण्यात आपण उतरायचं नाही.

सप्टेंबरअखेरीस, पाऊस ओसरताना, पठारांवर फुलं असतात. तेव्हा चला.

१०. जंगलातून जायला परवानगी लागते का?

गावाला जाणारा सार्वजनिक रस्ता जंगलातून जात असेल तर साधारणपणे नाही. अभयारण्यात मात्र हो. तानसा, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड या ठिकाणी वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, शुल्क असेल ते भरा आणि सांगतील तेवढ्याच वाटेने जा. "नकाशात वाट दिसते" हा युक्तिवाद वनरक्षकापुढे टिकत नाही. अंधार पडायच्या आत बाहेर या.

तानसा आणि वैतरणा परिसरात धरणं आणि जलवाहिन्याही आहेत. १८९२ पासून तानसाचं पाणी मुंबईला येतंय. वाहिनीच्या कडेने सरळसोट मुरमाचा रस्ता दिसला की हात शिवशिवतात, पण तो पालिकेच्या कामाचा रस्ता आहे. सुरक्षारक्षक परत पाठवेल आणि ते योग्यच आहे.

११. माथेरानला तर गाड्याच नाहीत. मग तेच का नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात, आत मोटारी नाहीत, हे खरं. पण नेरळहून दस्तुरीपर्यंतचा घाट गाड्यांनी भरलेला असतो, टॅक्सीवाले घाईत असतात आणि वळणं अशी आहेत की खाली उतरताना ब्रेक तापतात. आत लाल वाटांवर घोडे, माल वाहणारी माणसं, चालणारी कुटुंबं आणि आता ई-रिक्षा. तिथे सायकल घुसडणं मला पटत नाही. बिचकलेला घोडा काय करतो ते एकदा बघितलं आहे. चढाचा सराव म्हणून आठवड्यात मधल्या दिवशी दस्तुरीपर्यंत जा, खाली या. आत जायचं तर चालत.

१२. आणि राजमाची?

लोणावळ्याच्या तुंगार्लीवरून राजमाची किल्ल्याखालच्या उधेवाडीला जाणारी वाट म्हणजे मुरूम, दगड आणि झाडी यांचा मासलेवाईक नमुना. हिवाळ्यातल्या मधल्या वारी अप्रतिम. शनिवार-रविवारी जीप आणि मोटारसायकली, आणि पावसाच्या तोंडावर काजवे बघायला येणारी झुंबड. कर्जतकडून कोंडाणे लेण्यांवरून वर येणारी वाट पायी चढायची आहे, सायकलची नाही. नकाशा दोन्ही वाटा सारख्याच रंगात दाखवतो म्हणून मुद्दाम सांगितलं.

१३. नाणेघाटासारख्या जुन्या घाटवाटांनी सायकल वर नेता येईल?

डोक्यावर घेऊन हवी तर न्या. नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून वापरात आहे, पण बैलांसाठी आणि माणसांसाठी. कोकणातून वर येताना दगडी पायऱ्या आणि घळ आहे. वरच्या तोंडाशी मात्र जुन्नरकडून रस्ता येतो. बहुतेक घाटवाटांचं असंच आहे. वर पठारावर सायकल, खाली कोकणात सायकल, मधला कडा पायी. दोन दिवसांत दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघा. कार्बनची फ्रेम खांद्यावर घेऊन ओल्या पायऱ्या चढताना फोटो छान येतो, पण घोटा मुरगळला तर तिथून खाली आणणार कोण?

१४. नकाशावर चांगला रस्ता कसा ओळखायचा?

उपग्रहाच्या चित्रात डांबर करडं, मुरूम तांबूस-पिवळा, पायवाट धाग्यासारखी दिसते. जी वाट एका वाडीत संपते आणि दुसऱ्या वाडीपासून पुन्हा सुरू होते, ती मधे शेतांच्या बांधांवरून जोडलेली असते. तिथे चालायची तयारी ठेवा.

रस्त्यावर आल्यावर किलोमीटरचे दगड वाचा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्य महामार्ग, केशरी म्हणजे ग्रामसडक. आपल्याला केशरी हवा. ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली आणि तेव्हापासून कितीतरी मुरमाचे रस्ते डांबरी झाले, पाणंदींवरही आता खडीकरण होतंय. काही सायकलवाले त्यावर हळहळतात. ज्या बाईला बाळंतपणासाठी झोळीतून न्यावं लागत होतं तिला विचारा. आपण पुढची वाट शोधू.

फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा. खोडाळ्याच्या बाजूला रेंज जाते.

१५. पाणी, खाणं, कुत्री, साप?

पाणी तीन लिटर. वाडीत हापसा असतो, विचारून घ्या. पण मार्चनंतर शहापूर, मोखाडा, जव्हारच्या वाड्यांत टँकर येतात. मुंबईला पाणी देणारी धरणं ज्या भागात आहेत तिथली ही स्थिती. तेव्हा त्यांच्या हंड्यातलं पाणी मागायची वेळ स्वतःवर आणू नका. फाट्यावरच्या टपरीत वडापाव, चहा, शेंगदाण्याची चिक्की मिळते. हिशेब सुट्ट्यात द्या.

कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. उतरायचं, सायकल मधे धरायची, चालत पुढे जायचं. नव्वद टक्के वेळा ते कंटाळतं. चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

संध्याकाळी गुरं परततात तेव्हा घंटी वाजवू नका. कडेला थांबा आणि गुराख्याला "दादा, जाऊ द्या आधी" म्हणा. साप बहुधा बाजूला होतात. तरी झुडपात, दगडाच्या ढिगाऱ्यात हात घालू नका, फुरसं तिथेच असतं. दंश झाला तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही. १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय.

१६. मी एकटी जाऊ शकते का? आणि सायकल मोडली तर?

आमच्यातली एक जण तीन वर्षं एकटी जातेय. तिचं म्हणणं, वाड्यांत कधी त्रास झाला नाही, झाला तो ढाब्यांपाशी आणि पार्टी करणाऱ्या गाड्यांकडून. ती मधल्या वारी जाते, घरी लोकेशन चालू ठेवते आणि स्वच्छतागृहासाठी शाळा किंवा अंगणवाडीत ताईंना विचारते.

मोडण्याचं म्हणाल तर सोबत ठेवा: एक ट्यूब, पंप, चेनचा जोड आणि आपल्याच फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा. शेवटची वस्तू कुणी नेत नाही. मीही नेत नव्हतो. खांडसच्या अलीकडे काटकी अडकून हँगर तुटला. नुकतीच दुरुस्त करून आणलेली सायकल होती, पण तो राग दुकानावर काढून उपयोग नव्हता. शेवटी दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे बसून कर्जतला आलो. पैसे विचारले तर टेम्पोवाले मामा म्हणाले, "कॅन धरून बसलास ना, झालं."

१७. तुमचे ट्रॅक पाठवाल का? आणि वाटेत फाटक लागलं तर?

ट्रॅक उघड्यावर टाकत नाही. एकदा टाकला होता. पुढच्या महिन्यात त्याच पाणंदीत चाळीस जणांची राइड आली, स्पीकर लावून, आणि त्यानंतर शेतकऱ्याने आडवा बांबू बांधला. त्याचं शेत, त्याचा बांबू.

तेव्हा फाटकाचं असं. फार्महाऊसच्या प्लॉटिंगवाल्याचं लोखंडी फाटक असेल तर रखवालदाराला विचारा, जुनी वहिवाट असली तर बरेचदा सोडतो. शेतकऱ्याचं बांबूचं किंवा काट्यांचं असेल तर ते गुरांसाठी आहे. हाक मारा, विचारा, उघडलंत तर परत लावा. कुणीच नसेल तर वळा. आणि ट्रॅक हवाच असेल तर मधल्या वारी पहाटेच्या कर्जत लोकलला या, मालडब्यात. जाताना दाखवतो.